डुक्कर रुपयाला 'क्लीन्ड' शेरा: कंपनीचा अन्याय की आपलीच घासाघीस?

रुपयाभार:
काल आबांचा_नातू यांची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. त्यांचं म्हणणं असं की आजोबांचा १९११ चा डुक्कर रुपया (पंचम जॉर्जचा, झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसला म्हणून हे नाव) ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा ठरवून घ्यायला, अमेरिकेतल्या कंपनीकडे पाठवला, एमएस ६२ (७० पैकी ६२, म्हणजे न वापरलेलं कोरं नाणं) तरी कुठे गेला नाही अशी खात्री होती, आणि आला सीलबंद डबीत 'एयू डिटेल्स, क्लीन्ड' होऊन, म्हणजे जवळजवळ कोरा पण साफ केलेला. म्हणजे आकडाच नाही. मग गोऱ्यांना आपली नाणी कळत नाहीत, लूट आहे, अन्याय आहे, आणि खाली सगळ्यांचं 'अगदी बरोबर दादा'.

अहो पण फोटो कोणी मोठा करून बघितला का? राजाच्या गालावरून समोरच्या मोकळ्या भागापर्यंत बारीक रेघा आहेत, सगळ्या एकाच दिशेनं. खिशात, थैलीत पडलेले ओरखडे असे शिस्तीत जात नाहीत, तिथे फडकं फिरलंय. अक्षरांच्या कडेला काळपट आणि मधे पांढराफटक, शंभर वर्षांवरची चांदी आपोआप अशी दिसते का? ठोकताना धातू कडेकडे सरकतो त्याच्या अतिसूक्ष्म रेषा राहतात, म्हणून तर नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं की उजेडाचा पट्टा गोल फिरतो. त्या रेषा गेल्या की गेल्या. मग उरते ती घासलेल्या ताटावाटीची चमक. हत्ती शाबूत, मुकुट शाबूत, म्हणून एयू दिलंय. घासलंय म्हणून शेरा दिलाय. चुकलं कुठे?

आबांचा_नातू:
नाव घेऊन लिहिलंत म्हणून उत्तर देतो. वजन केलंय, ११.६६ ग्रॅम, बरोब्बर तोळा. घासून घासून झिजलं असतं तर वजनात दिसलं नसतं का? फोटो मोबाईलच्या फ्लॅशवर काढलेत, त्यात रेघा दिसणारच. आणि ज्या वर्षाचे बहुतेक रुपये सरकारनं वितळवले त्या वर्षाचं नाणं आहे हे, जरा तरी विचार नको?

रुपयाभार:
दुर्मिळपणाचे पैसे भावात मिळतात, ग्रेडमध्ये नाही. आणि फडक्याची रेघ तराजूला कळत नाही हो.

चिल्लरबाज:
मुळात हा आकडा आला कुठून ते बघा. शेल्डन नावाचा मानसशास्त्रज्ञ, त्यानं १९४९ साली अमेरिकेच्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० ची पट्टी काढली, तीसुद्धा किमतीचा अंदाज बांधायला, म्हणजे १ वाल्याच्या ७० पट ७० वाल्याची किंमत. तो हिशोब तिकडेच कधीचा मोडला, पट्टी मात्र राहिली, आणि आता मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीतला चांदीचा रुपया त्याच पट्टीनं मोजायचा आणि वर फी, कुरियर, विमा सगळं डॉलरमध्ये. माझं एक पाकीट कस्टममध्ये अडकलं होतं, सोडवता सोडवता नाण्याच्या किमतीएवढा खर्च झाला. त्यापेक्षा आपले जुने व्यापारी बरे, बोटात धरून सांगायचे.

रुपयाभार:
हो, घेताना 'घासलंय' आणि विकताना 'कोरं करकरीत' सांगायचे. ते विसरलात वाटतं.

डोंबिवलीची_सून:
मला ग्रेडबिड कळत नाही, पण घासलं म्हणजे पाप केलं असा जो सूर आहे ना तो डोक्यात जातो. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला राणी छाप रुपये निघतात, सासूबाई चिंच लावून स्वच्छ करतात, मग पंचामृत, मग हळदकुंकू. त्यांच्या सासूबाईही हेच करायच्या. काळे मिट्ट रुपये पूजेत मांडायचे का? महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांतले रुपये असेच असणार, म्हणजे सगळे डागी?

रुपयाभार:
ताई, पूजेला कोण नको म्हणतंय. पूजा करा, पण मग त्याच नाण्याला कोऱ्याचा आकडा मागू नका. दोन्ही कसं चालेल?

डोंबिवलीची_सून:
आकडा मागितलाच कुणी? घरातली लक्ष्मी आहे ती, प्लास्टिकच्या डबीत कोंडायची वस्तू नाही. पुरुष मंडळींना सगळ्याची किंमतच का करायची असते कोण जाणे.

उंटावरचा_शहाणा:
चिंच तरी परवडली. आमच्याकडे रांगोळी आणि राखेनं घासायचे!! राणीचं नाक गेलंय. तरी नाक नसलेल्या राणीची पूजा होते. बाकी आमच्या काकांनी १९८० ला चांदी चढली तेव्हा डबाभर रुपये मोडीत काढले, त्यात दुर्मिळ असा १९३९ चा होता असं वडील अजून शपथेवर सांगतात, त्यावरून दोन भावांत बोलणं नाही. विषय निघालाच आहे तर, माझ्याकडे १९४० चा आहे, काय मिळेल?

चिल्लरबाज:
१९४० पासून चांदी निम्म्यावर आली. वजनावर घाला.

फिरतंखातं:
सूनबाईंचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, खरी मेख तिथेच आहे. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या संग्राहकांनीही नाणी पुसली, धुतली, घासली. त्यावर पुढे पन्नास-शंभर वर्षांत पुन्हा रंग चढला, आता त्याला बाजारात चालेल असं म्हणून आकडा मिळतो. आपल्याकडे दर दिवाळीला घासतात त्यामुळे रंग चढायला सवडच नाही, मग आपली नाणी कायम 'डिटेल्स'. गुन्हा एकच, फक्त त्यांचा जुना झालाय.

आबांचा_नातू:
हेच!! हेच म्हणत होतो मी. त्याच कंपनीच्या डबीत १८६२ चे रुपये बघितलेत मी, गळ्यावर धडधडीत रेघा आणि आकडा एमएस ६१.

रुपयाभार:
तुम्ही हे म्हणत नव्हतात, तुम्ही घासलंच नाही म्हणत होतात. फिरतंखातं यांचं मान्य, एकसारखा न्याय होत नाही, ६१ ला जे चालतं ते कधी कधी ५८ ला (म्हणजे एयूला) चालत नाही, बघणारी माणसंच आहेत शेवटी. पण दुसऱ्याला फुकट मार्क मिळाले म्हणून तुमचा पेपर चुकीचा तपासला असं होत नाही. फ्लॅश सोडा, एका दिव्याखाली नाणं फिरवून व्हिडिओ टाका. पट्टा गालावरून न तुटता गेला तर मी स्वतः म्हणेन परत पाठवा.

आबांचा_नातू:
मास्तर, डबी सीलबंद आहे, प्लास्टिकची चमक येते त्यात. तरी टाकतो. आणि आईला विचारलं आत्ता, ती म्हणते आबा कोणाला हात लावू द्यायचे नाहीत, वर्षातून एकदा स्वतःच धोतराच्या सोग्यानं पुसायचे.

चिल्लरबाज:
झालं. निकाल लागला 😂

आबांचा_नातू:
पुसणं आणि घासणं वेगळं असतं!

रुपयाभार:
सुती सोगा, कोरडा, वर्षानुवर्षं, एकाच दिशेनं. असो. द्यायचा असेल तर सांगा, डिटेल्सच्या भावानं मी घेतो, डुक्कर माझ्याकडे नाहीये.

डोंबिवलीची_सून:
अच्छा, म्हणजे मघापासून हे भाव पाडायला चाललं होतं होय!

आबांचा_नातू:
एमएस ६२ चा भाव द्या, लगेच पाठवतो.