एबीएसचा दिवा आणि कमी व्होल्टेजचा कोड

प्रश्न (खानापूर): पावसात चोर्ला घाटातून येताना हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकाच वेळी चालू असले की माझ्या गाडीचा एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यास चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो आणि स्कॅनरवर कमी व्होल्टेजचा कोड येतो. बॅटरी नवीन आहे. गॅरेजवाले मॉड्यूलच (एबीएस चालवणारे इलेक्ट्रॉनिक युनिट) बदलायला सांगतात. ते योग्य आहे का?

उत्तर (निपाणी): मॉड्यूलला इतक्यात हात लावू नये. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट मिळायला हवेत. हेडलाइट वगैरे सगळे चालू ठेवूनच मोजावे. आकडा घसरला तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आणि त्याचा बेल्ट तपासावा.

उत्तर (बेळगाव): तिथे दोष नसेल तर अर्थिंग (वायरीची गाडीच्या बॉडीशी असलेली निगेटिव्ह जोडणी) पाहावे, आणि माझ्या मते आपल्याकडच्या पावसात आधी संशय अर्थिंगवरच घ्यावा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी मॉड्यूलच्या अर्थच्या वायरवर ठेवून, लोड चालू असताना 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास बॉडीला आवळलेला लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) सोडवून गंज घासून काढावा. नुसती कंटिन्युइटी (वायर तुटलेली नाही ना, हे मीटरच्या आवाजावरून पाहणे) पाहून समाधान मानू नये, कारण वायरीतली एकच तार शाबूत असली तरी मीटर वाजतो, परंतु एबीएसच्या पंपाच्या मोटरला लागणारा करंट तिच्यातून जात नाही.

उत्तर (निपाणी): दुरुस्तीपर्यंत घाटात पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवावे, साधे ब्रेक सहसा लागतात, पण जोरात दाबल्यास चाके लॉक होऊ शकतात.