उत्क्रांतीने घडणाऱ्या प्रोग्राममध्ये नेमके स्थिरांक कसे मिळवावेत?

प्रश्न
लीप वर्ष ओळखणारा प्रोग्राम जेनेटिक प्रोग्रामिंगने (पिढ्यानपिढ्या प्रोग्रामांची निवड, संकर आणि बदल करत उत्तर शोधण्याच्या पद्धतीने) तयार करण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. १ ते ५०० या पल्ल्यातील पूर्णांक यादृच्छिक स्थिरांक म्हणून दिले आहेत. ४ ने भाग जाण्याची अट काही पिढ्यांतच सापडते. १०० ने भाग गेल्यास लीप नाही, पण ४०० ने गेल्यास लीप, या अटींतील १०० आणि ४०० मात्र सापडत नाहीत. स्थिरांकांवर गॉसियन उत्परिवर्तन (मूल्याला बहुधा लहानसा यादृच्छिक धक्का देणे) लावूनही फरक पडला नाही. पल्ला चुकला आहे की पद्धत?

पहिले उत्तर
जेनेटिक प्रोग्रामिंगचे प्रवर्तक जॉन कोझा यांच्या १९९२ च्या ग्रंथातील पद्धतीत यादृच्छिक स्थिरांक एकदाच काढला जातो आणि पुढे तो बदलत नाही. नवी मूल्ये क्रॉसओव्हरमुळे (दोन प्रोग्रामांच्या भागांच्या अदलाबदलीमुळे) जुळणाऱ्या अंकगणितातूनच घडतात. त्यामुळे उत्परिवर्तन जोडण्याचा विचार योग्यच होता. परंतु गॉसियन धक्का उपयोगी पडतो तो ३.१ वरून ३.१४ कडे सरकताना चूक हळूहळू घटत असेल तेव्हा. भागाकाराच्या बाकीला असा उतार नसतो. ३९९ हा ४०० च्या शेजारी असल्याचा तुमच्या प्रोग्रामला काहीही लाभ नाही.

दुसरे उत्तर
माझ्या मते मुख्य दोष प्रोग्राम ज्यांवर तपासला जातो त्या उदाहरणांत आहे. ४०० वर्षांच्या चक्रात ९७ लीप वर्षे येतात आणि केवळ ४ ची अट १०० वर्षे लीप ठरवते, म्हणजे ४०० पैकी तीनच उत्तरे चुकतात. एवढासा लाभ सरासरीत बुडून जातो. शतकवर्षे मुद्दाम वाढवा. त्यांत २००० सोबत १६०० आणि २४०० ही घ्या, अन्यथा एकट्या २००० साठी प्रोग्राम लहानमोठेपणाच्या तुलनेची पळवाट काढतो. निवड लेक्सिकेस पद्धतीने करा. तीत उदाहरणे यादृच्छिक क्रमाने एकेक तपासली जात असल्याने, १९०० चे उत्तर बरोबर देणारा प्रोग्राम इतरत्र कमी पडला तरी पालक म्हणून निवडला जाऊ शकतो.

शिवाय १०० आणि ४०० यांचाच आग्रह कशासाठी? ४ ने भाग जाणाऱ्या वर्षाला २५ नेही भाग गेला, तर १०० ने जातोच. आणि शतकवर्षाला १६ ने भाग गेला, तर ४०० ने जातो. १ ते ३२ एवढा पल्ला पुरेसा आहे.

प्रश्नकर्ता
दुसऱ्या उत्तरातील बदल केले. हाती आलेली अट अशी आहे: १६ ने भाग जातो, किंवा ४ ने जातो पण २५ ने जात नाही. पाठ्यपुस्तकातील नियमापेक्षा ती वेगळी दिसल्याने प्रथम चुकीची वाटली, म्हणून सलग ४०० वर्षांवर तपासली. सर्व उत्तरे बरोबर आली.