विषय: जुनी डिस्क्रॅम्बलर किट्स मंडळाच्या विक्रीत ठेवायची का?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळाच्या आनंदमेळ्याच्या विक्रीसाठी एका सभासदांनी दोन खोकी आणून दिली आहेत. आत केबल टीव्हीच्या डिस्क्रॅम्बलरची (पे चॅनेलचं झाकलेलं चित्र उघडणाऱ्या डब्याची) न जोडलेली किट्स आहेत: सर्किट बोर्ड, पिशवीत रेझिस्टर, कॉइल आणि ट्रिमर, शिवाय सर्किटची झेरॉक्स. झेरॉक्सच्या तळाशी छापलंय, ‘फक्त शैक्षणिक उपयोगासाठी, केबल कंपनीची परवानगी ग्राहकाने घ्यावी.’ ॲनालॉग केबल आता जवळपास संपलीच, मग विकायला हरकत आहे का?

– चिटणीस

---

ताई,

ती किट्स यादीतून काढा, ही कळकळीची विनंती. माझी सगळी नोकरी आरएफमध्ये, म्हणजे रेडिओ सिग्नलच्या तंत्रात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲनालॉग केबलच्या काळात पे चॅनेल (वेगळे पैसे भरून पाहायचे) झाकण्याची एक नेहमीची रीत म्हणजे सिंक दाबणं. चित्राची ओळ कुठून सुरू होते हे टीव्हीला सिंक पल्समुळे कळतं. तो कमजोर केला की चित्र तिरकं फाटतं. जेरॉल्ड या केबल उपकरणांच्या कंपनीच्या एका पद्धतीत सिंक कधी उचलायचा याची खूण आवाजाच्या कॅरियरवरच, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या लहरीवर, चढवलेली असे. ती शोधून सिंक जागेवर आणणारं सर्किट हौशी माणूस घरी सोल्डर करू शकायचा. इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकांत मागच्या पानांवर या किट्सच्या जाहिराती उघड यायच्या.

लॉस एंजेलिसच्या ऑन टीव्ही या पे चॅनेलच्या प्रकरणात 1981 साली अपील कोर्टाचा निकाल आला. ते प्रक्षेपण केबलवरून नव्हे, हवेतून व्हायचं. डीकोडर विकणाऱ्यांचं म्हणणं, हवेतून येणारा सिग्नल सगळ्यांचाच. कोर्टाने ते मानलं नाही. पुढे 1984 च्या अमेरिकेच्या केबल कायद्यात कलम 553 आलं. चोरून सिग्नल घेणाऱ्याला ‘मदत’ करणंही त्यात गुन्हा ठरलं आणि त्या हेतूने उपकरण बनवणं किंवा विकणं मदतीतच धरलं. म्हणजे सुटे भाग की जोडलेला डबा, यापेक्षा विकणाऱ्याचा हेतू मोठा. एकीकडे ‘सगळे चॅनेल फुकट’ अशी जाहिरात करायची आणि झेरॉक्सवर शैक्षणिक उपयोगाचं लिहायचं, तर त्या ओळीची ढाल होत नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर किट आणि सर्किटचा आराखडा यांचाही स्पष्ट उल्लेख आहे.

खरी लढाई भरपाईवरून झाली. 553 खाली वैधानिक भरपाई साधारण 250 ते 10,000 डॉलर. मुख्यतः हवेतून येणाऱ्या सिग्नलच्या चोरीविरुद्धच्या कलम 605 खाली विक्रेत्याला दर उल्लंघनामागे 10,000 ते 1,00,000. साहजिकच केबल कंपन्यांना 605 हवं असायचं. 1996 साली न्यूयॉर्ककडच्या सेकंड सर्किटने (प्रादेशिक अपील कोर्टाला इथे सर्किट म्हणतात) सायक्स प्रकरणात केबलला 605 लागू धरलं. त्याच वर्षी शिकागोच्या सेव्हन्थ सर्किटने नॉरिस प्रकरणात सांगितलं, तारेतून जाणाऱ्या सिग्नलला फक्त 553. आपलं न्यू जर्सी थर्ड सर्किटमध्ये येतं. तिथे 2001 च्या टीकेआर केबल निकालातही 553 च ठरलं. डबा तोच, पण न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीमधली हडसन नदी ओलांडली की कलम वेगळं!

– काका

---

काका, माहिती उत्तम, पण मला हे पूर्ण पटत नाही. सर्किट समजून घेणं हा गुन्हा कसा? डायरेक्टीव्ही या उपग्रह टीव्ही कंपनीने काय केलं ते आठवा. विक्रेत्यांवर छापे पडले, ग्राहकांच्या याद्या हाती आल्या आणि डिशचं कार्ड बदलायलाही वापरता येणारे स्मार्ट कार्ड रीडर घेणाऱ्या हजारो लोकांना पत्रं गेली: 3,500 डॉलर भरा, नाहीतर कोर्टात या. त्यांतल्या कुणी ते कॉम्प्युटरच्या सुरक्षेसाठी घेतलं होतं. वकिलाचा खर्च त्याहून जास्त, म्हणून निर्दोष माणसानेही पैसे भरायचे? हा सरळ अन्याय होता.

– एक सभासद (एम्बेडेडवाला)

---

तुझा राग रास्त आहे, आणि मी त्यात तुझ्या बाजूचा आहे. 2004 साली अकराव्या सर्किटने ट्रेवर्गी प्रकरणात स्पष्ट केलं की असं उपकरण नुसतं जवळ आहे एवढ्यावरून कंपनी वायरटॅप (चोरून संदेश ऐकण्याविरुद्धच्या) कायद्याखाली खाजगी दावा लावू शकत नाही. त्याच वर्षी ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेशी बोलणी होऊन, केवळ रीडर बाळगला म्हणून दावा लावणार नाही, असं डायरेक्टीव्हीने मान्य केलं. शिकणाऱ्याला धाक घालून वसुली करणं वाईटच.

पण कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डचंही ऐक. 1992 च्या होलीफील्ड–बो मुष्टियुद्धाच्या लढतीच्या वेळी तिथल्या केबल कंपनीने फुकट टी-शर्टची एक जाहिरात दाखवली. ती दिसत होती फक्त बेकायदा डबेवाल्यांना. 140 लोकांनी फोन करून आपले पत्ते दिले! ते काही सिंक पल्सचा अभ्यास करत नव्हते. त्यांना डबे विकणारा मात्र पैसे घेऊन मोकळा झाला होता.

म्हणून मंडळाने विक्रेता होऊ नये. आपण रजिस्टर्ड ना-नफा संस्था, आणि विक्रीची पावती मंडळाच्या नावाने फाटते. उद्या कुणी विचारलं, तर उत्तर ताईंना द्यावं लागेल.

– काका

---

ठरलं. किट्स विक्रीत नाहीत. खोकी ज्यांची त्यांना या शनिवारी परत देते. काका, मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांना सिंक पल्स ऑसिलोस्कोपवर दाखवाल का? सिग्नल आपल्याच जुन्या व्हीसीआरचा घेऊ. हॉल चार वाजेपर्यंत आपल्याकडे आहे.

– चिटणीस