ठासणीच्या (तोंडाकडून दारू भरायच्या) बंदुकीची नळी आतून गंजू नये म्हणून काय करता?

कुडाळजवळ शेती आहे, शेतीरक्षणाच्या लायसनवरची आजोबांची केपाची (ठोका बसला की ठिणगी पाडणारी छोटी टोपी) बंदूक आता माझ्या नावावर झालीय. रानडुकरांमुळे ती लागतेच. आचारसंहिता लागली की जमा करावी लागते, परत आली की गजाला फडकं गुंडाळून फिरवलं तर तांबडं होऊन येतं. देताना भरपूर खोबरेल सोडतो तरी असं होतं. आपल्या दमट हवेत टिकेल असा उपाय कुणाकडे आहे का?

उत्तर १
दादा, तेल नंतर, आधी पाणी. बंदुकीची काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त भाग घन रूपात उरतो, पोटॅशियमचे क्षार असतात ते, हवेतलं पाणी ओढून घेतात आणि तेलात विरघळत नाहीत. त्यावर तेल सोडलं की खाली गंज चालूच राहतो.
बंदूक भरलेली नाही ना ते पहिलं बघा, गज आत टाकून तोंडाशी खूण करा आणि बाहेरून नळीला लावून बघा, निपलपर्यंत (केप बसतो ती बारीक नळी) पोचायला हवा. मग निपल काढा, नळी दस्त्यातून सुटत असेल तर सोडवून मागचं टोक गरम पाण्याच्या बादलीत ठेवा, पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, आणि घट्ट फडकं लावून गज पंपासारखा वरखाली करा, पाणी आपोआप आत खेचलं जातं. काळं यायचं थांबलं की साधं पाणी, मग कोरडी फडकी, आणि मगच तेल.

उत्तर २
मी पेनसिल्व्हेनियात असतो, इथे 26 डिसेंबरपासून फ्लिंटलॉकचा (गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी ठासणीची बंदूक) शिकारीचा सीझन असतो. पाणी उकळतं नको, नळी तापून बघता बघता गंजाचा पातळ थर धरते, कोमट पुरतं. माझ्या रायफलला आत आटे (गोल फिरत जाणाऱ्या खाचा) आहेत, त्यात राख अडकते म्हणून पितळी ब्रश फिरवतो. पायरोडेक्स (काळ्या दारूऐवजी मिळणारी पूड) वापरणाऱ्यांनी जास्त जपा, त्यात पोटॅशियम परक्लोरेट असतं, मागे क्लोराइड उरतं. त्याच दिवशी धुवा.

उत्तर ३
खोबरेल बंद करा, खवट होतं. बंदुकीचं तेल घ्या, बरेच दिवस पडून राहणार असेल तर दाट ग्रीस. दुसऱ्या दिवशी परत फडकं फिरवा, तांबूस आलं तर पुन्हा पुसून तेल. कापडी कव्हरात ठेवू नका, ओल धरतं. आणि परत आल्यावर भरायच्या आधी तेल पूर्ण पुसा, नुसता केप उडवा, तोंडासमोर जमिनीवरचं पान हललं म्हणजे वाट मोकळी.