बारिचाराच्या मातीच्या भिंती आणि खटावचा वाडा

(सोसायटीच्या ग्रुपवरच्या गप्पा, नावांच्या जागी घर क्रमांक)

बी ७०३: मावशी, स्टेटसला लावलंय ते उतारावरचं गाव कुठलं हो? पांढऱ्या भिंती, हिरवी दारं, पिवळट दगडी रस्ता. सकाळपासून तीनदा बघितलं.

सी ६०२: कोलंबियातलं बारिचारा गं. लेक बोगोताला नोकरीला आहे ना, दीड महिना तिच्याकडे होतो. त्यातले सहा दिवस या गावात काढले आणि खरं सांगते, बाकीचा महिना त्या सहा दिवसांपुढे फिका पडला.

बी ७०३: सगळं सांगा. पुढच्या वर्षी दक्षिण अमेरिका करायचीच आहे.

सी ६०२: बोगोताहून सान हिल नावाच्या गावापर्यंत बस, सात तासांच्या वर लागतात. तिथून छोट्या बसने साधारण २० किलोमीटर, पाऊण तास. सगळा घाटरस्ता. गाव सुमारे १,३०० मीटरवर, म्हणजे आपल्या पाचगणीच्या उंचीचं, पण पाचगणीसारखा पाऊस नाही. कोरडे डोंगर, खुरटं रान आणि गावाच्या कडेला उभं राहिलं की खाली सुआरेस नदीची भलीमोठी दरी. पलीकडे डोंगरांच्या रांगांमागे रांगा.

गाव १७०५ सालचं. १९७८ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलं, म्हणून जुन्या भागात बहुतेक घरं बैठी, कौलारू. इथल्या मूळच्या ग्वाने लोकांच्या भाषेत नावाचा अर्थ विश्रांतीची जागा असा सांगतात. तिथे सहाच्या सुमारास अंधार पडतो, बाराही महिने. दिवे लागले की उंबऱ्यात बसलेल्या बायकांचं बोलणं पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतं. आपल्याकडे रात्री साडेअकरालाही एवढी शांतता नसते.

ए ४०२ (नातू टाइप करतोय): आजी विचारते, खाण्याचं काय केलंस? तू तर अंडंसुद्धा खात नाहीस.

सी ६०२: आजी, जरा जपावं लागलं. त्या भागातल्या मक्याच्या भाकरीत, तिला आरेपा म्हणतात, बऱ्याचदा डुकराची चरबी मळलेली असते. दिसत नाही, विचारूनच घ्यावी लागते. भात, राजमा, तळलेली केळी, चीज यावर छान भागलं. आणि गूळ! अगदी आपला गूळ. पानेला म्हणतात. उसाचा रस कढईत आटवून ढेपा पाडतात. घरमालकीणबाईंनी आम्ही पोचल्या पोचल्या गरम गूळपाणी पुढे केलं. यांचे डोळेच भरून आले. लहानपणी यांच्या आजोळी उन्हातून आलेल्याला आधी गूळपाणीच मिळायचं.

शिवाय बोकादियो नावाची पेरूची वडी, पानात बांधलेली. चिजाच्या तुकड्याबरोबर खातात. तुमच्यासाठी आणलीय, संध्याकाळी देते.

बी ७०३: तिथे मुंग्या खातात हे खरं?

सी ६०२: खरं. पाऊस पडला की वारुळातून पंखवाल्या मोठ्या राण्या बाहेर येतात, त्या मीठ लावून भाजतात. आम्ही एप्रिलमध्ये होतो, म्हणजे हंगामच. दाण्यासारख्या लागतात असं लेक म्हणाली. ही ग्वाने लोकांपासूनची रीत आहे. कोणी नाक मुरडू नका हं, आपल्या गडचिरोलीतही लाल मुंग्यांची चटणी करतात.

ए १०४: काकू, तुमच्या एका फोटोत अर्धवट सोललेली भिंत दिसतेय. आत माती आहे का? वीट दिसत नाही कुठे.

सी ६०२: बरोबर ओळखलंस. वीट नाहीच. तापिया पिसादा म्हणतात त्याला, म्हणजे ठोकलेली माती. आम्ही राहायचो त्याच्या शेजारच्या घरात काम चालू होतं, मी रोज सकाळी खुर्ची टाकून बघत बसायचे. दोन बाजूंना फळ्या उभ्या करतात, मध्ये वीतभर माती टाकतात. ओली नव्हे, नुसती दमट, मुठीत दाबली तर लाडू वळेल इतपत. मग लाकडी धुमसाने ठोकत राहतात. आधी भद् भद् आवाज येतो, ठोकून ठोकून टणक झाला की पुढचा थर. भाजणं नाही, लोखंड नाही. दीड-दोन फुटांची भिंत होते. बाहेर ऊन रखरखलेलं असताना आत पंखाही लागला नाही आम्हाला.

मला सगळ्यात भावलं ते हे, की ही कामं करणारे हात अजून गावातच आहेत. माती ठोकणारे, पिवळा दगड घडवणारे. जुने कसब शिकवणारी एक शाळाही आहे. घायपाताच्या कुळातल्या फिके नावाच्या झाडाच्या धाग्यांपासून हातकागद करतात. नुसती जुनी घरं जपली असती तर ते गाव प्रदर्शन झालं असतं. तिथे माणसं राहतात, आणि घर पडलं तर ते परत उभं करणारा माणूस चार घरं सोडून भेटतो. पिवळ्या मातीत वावरून पाय पिवळे होतात म्हणून बारिचाराच्या लोकांना ‘पिवळ्या पायांचे’ असंच नाव आहे, आणि ते अभिमानाने सांगतात.

ए १०४: काकू, हे वाचून पोटात कालवलं. आमचा खटाव तालुक्यातला वाडा पाडायचं ठरलंय. खाली दगड, वर पांढरी माती. मागच्या बाजूला भिंत फुगलीय, ओल आहे. भाऊ म्हणतो स्लॅबचं घर बांधू. माझ्याकडे त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं.

बी ३०१ (काका): ओल कधीपासून?

ए १०४: २०११ला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, त्यानंतर दोन-तीन पावसाळ्यांत. ठेकेदार म्हणाला होता भिंत पक्की होईल.

बी ३०१ (काका): तिथेच चुकलं. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद होतं. जमिनीतून चढलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही, मग ते आतच मुरतं आणि माती सुटते. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते, आतून भुसा.

सी ६०२: काका, तिथले गवंडीही हेच म्हणत होते! चुन्याशिवाय काही लावत नाहीत. लेकीने भाषांतर करून सांगितलं, त्यांच्यात म्हणच आहे: मातीच्या घराला चांगले बूट आणि चांगली टोपी लागते. म्हणजे खाली दगडाचं जोतं आणि वर पुढे आलेली वळचण. एवढं सांभाळलं की माती शेकडो वर्षं टिकते.

बी ३०१ (काका): म्हण चोख आहे. पण एक बाजू मी सांगणारच. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. मी तेव्हा नोकरीत होतो, पंचनाम्यांना गेलो होतो. मातीत रचलेले गोल धोंडे, जाड भिंती, वर मातीचं जड छप्पर. भिंतीचे दोन पदर एकमेकांना बांधणारे लांब दगड नव्हते, त्यामुळे भिंत मधून फाटली आणि छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. त्या गल्ल्या माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. म्हणून जुनं ते सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही.

सी ६०२: पटतंय काका. तो भागही भूकंपाचाच आहे. तिकडे जुन्या भिंतींना दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या लावून त्या आरपार आवळतात, अशीही पद्धत आहे म्हणे. आणि छप्पर लाकडाचं, वर कौलं. तुमच्या मातीच्या छपराइतकं जड नव्हे.

ए १०४: आमच्याकडेही कौलंच आहेत. मातीचं माळवद आजोबांनीच काढलं होतं.

बी ३०१ (काका): मग बघण्यासारखं आहे. वाचेलच असं आत्ता म्हणत नाही. आधी गिलावा उतरवून भिंत किती सुटलीय ते बघू, फुगा किती आहे ते मोजू. पाडायला एक दिवस पुरतो, तो कधीही मिळेल.

ए ४०२ (नातू टाइप करतोय): आजी म्हणते देवळं-बिवळं काय पाहिलंस ते राहिलंच.

सी ६०२: आजी, पिवळ्या दगडाचं मोठं चर्च आहे चौकात, उन्हं कलली की नुसतं सोनं. पण तुम्हाला आवडलं असतं ते शेजारचं ग्वाने नावाचं गाव. बारिचाराहून जुनी दगडी पायवाट उतरते, दोन तासांची. एकोणिसाव्या शतकात लेंगेर्के नावाच्या जर्मन व्यापाऱ्याने त्या भागात अशा वाटा बांधून घेतल्या. कडेला दगडी गडगे, अगदी कोकणात चालल्यासारखं. ग्वानेच्या छोट्या संग्रहालयात शंखांचे असंख्य जीवाश्म आहेत, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. त्यातले वळ्यावळ्यांचे बघितले आणि मी तिथेच हात जोडले. तुमच्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम तोच ना! गंडकीतला शाळिग्रामही अशाच प्राण्याचा जीवाश्म असतो.

ए ४०२ (नातू टाइप करतोय): आजी देव्हाऱ्यापाशी गेली.

बी ७०३: मावशी, भाषेची अडचण?

सी ६०२: आमची लेक होती. पण तू चार वाक्यं शिकून जा, इंग्रजी फारसं चालत नाही. आणि ऐक, त्या भागात घरातही ‘तुम्ही’ म्हणतात, आई तान्ह्या मुलालासुद्धा. मला फार गोड वाटलं.

सर्वांत महत्त्वाचं: पीतज्वराची लस. कोलंबियाहून परत येताना आपल्या विमानतळावर तिचं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आम्ही दोघांनी विचारूनच घेतली.

बी ७०३: लिहून घेतलं 🙏

ए १०४: भावाशी बोललो आत्ता. काकूंचे फोटो पाठवले, काकांचं किल्लारीचंही सांगितलं. पाडणारा माणूस सोमवारी येणार होता, त्याला थांबवलंय. काका, रविवारी याल का माझ्याबरोबर?

बी ३०१ (काका): येतो. सहाला गेटवर. ओळंबा आणि टॉर्च मी घेतो, तू एक छिन्नी ठेव गाडीत.

सी ६०२: मीही येऊ का? डबा माझा.