सालोनिकाची फ्रेंच फौज तीन वर्षे करत तरी काय होती?

प्रश्न:
पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१५ मध्ये सर्बियाच्या मदतीसाठी फ्रान्सचे ‘पूर्वेचे सैन्य’ ग्रीसमधील सालोनिका बंदरात उतरले. पण पुढे सप्टेंबर १९१८ पर्यंत मोनास्तीर (आजचे बितोला) घेतल्याखेरीज त्याच्या नावावर सांगण्यासारखे फारसे दिसत नाही. फ्रेंच नेते क्लेमांसो यांनी या सैनिकांना ‘सालोनिकाचे माळी’ म्हणून हिणवल्याचे सांगतात. हा टोमणा कितपत रास्त होता?

उत्तर १:
भाजीचे मळे होते हे खरे, पण ते हौसेचे नव्हते. पाणबुड्यांमुळे समुद्रमार्गे येणारी रसद बेभरवशाची झाली होती आणि ताज्या भाजीअभावी स्कर्व्हीची भीती होती. त्याहून मोठा शत्रू हिवताप. १९१६ च्या उन्हाळ्यात व्हार्दार आणि स्ट्रुमा नद्यांच्या दलदलीत पलटणीच्या पलटणी तापाने आडव्या झाल्या. क्विनीन, म्हणजे आपल्या आजोबांचे कोयनेल, वाटले जात होते. पण वाटलेली गोळी पोटात जातेच असे नाही. त्यामुळे अल्जीरियातील पाश्चर संस्थेच्या एदमों आणि एतिएन सेर्जां या बंधूंनी सैनिकांच्या लघवीचे नमुने तपासून, तिच्यात क्विनीन उतरले आहे की नाही, हे पाहण्याची पद्धत बसवली. मच्छरदाण्या कोणीही सुचवल्या असत्या. ही पडताळणी मात्र मला त्या मोहिमेतली खरी अक्कल वाटते.

उत्तर २:
एक दुरुस्ती. मोनास्तीरचे श्रेय एकट्या फ्रेंचांना देऊ नये. अल्बानियाचे डोंगर तुडवत माघार घेतलेल्या आणि कॉर्फू बेटावर पुन्हा उभ्या केलेल्या सर्बियन सैन्याने आधी कायमाकचालानचे शिखर घेतले, म्हणूनच १९ नोव्हेंबर १९१६ रोजी शहर पडले. शिवाय या सैन्याचे सेनापती साराय यांची पिछाडीही सुरक्षित नव्हती. तटस्थ ग्रीसचा राजा कॉन्स्टंटाइन याने जून १९१७ मध्ये सिंहासन सोडेपर्यंत त्यांना एक डोळा सतत अथेन्सकडे ठेवावा लागला.

उत्तर ३:
टोमण्याला खरे उत्तर १५ सप्टेंबर १९१८ रोजी दोब्रो पोल्येच्या डोंगरावर मिळाले. जून १९१८ मध्ये आलेले नवे सेनापती फ्रांशे देस्पेरे यांनी, बचावाला इतका सोयीचा डोंगर कोणी हल्ल्यासाठी निवडणार नाही या समजुतीचाच फायदा घेतला. अवजड तोफा उंचावर ओढून नेल्या गेल्या, १४ तारखेला दिवसभर मारा झाला आणि दुसऱ्या दिवशी दोन फ्रेंच डिव्हिजन सर्बियन सैन्यासह वर चढल्या. बल्गेरियन फळी फुटल्यावर ज्विनो-गांबेत्ता यांचे घोडदळ रस्ता सोडून डोंगरांतून घुसले. बिकट वाटांवर स्वार खाली उतरून घोड्यांना लगामाने ओढत चालले होते. २९ सप्टेंबरला त्यांनी स्कोप्ये घेतले आणि त्याच दिवशी बल्गेरियाने सालोनिकात शस्त्रसंधीवर सही केली. जर्मनीच्या मित्रराष्ट्रांपैकी युद्धातून बाहेर पडणारे हे पहिलेच.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मोनास्तीरबद्दलची दुरुस्ती मान्य. मग ११ नोव्हेंबरला जर्मनीशी लढाई थांबल्यावर हे सैनिक घरी परतले का?

उत्तर ३:
अनेकांच्या नशिबी ते नव्हते. यातल्याच काही तुकड्या डिसेंबर १९१८ मध्ये रशियातील क्रांतिकारी बोल्शेविकांविरुद्ध काळ्या समुद्रावरील ओडेसाला पाठवल्या गेल्या आणि एप्रिल १९१९ मध्ये ते शहर सोडून त्यांना माघारी यावे लागले.