जुन्या एमजीत पाच गिअर घालायचे की नाही?

त्रिमूर्तीनगरकर (धागाकर्ता)

आमच्याकडे १९५१ ची एमजी टीडी आहे, दोन सीटची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. आजोबांनी ती कामठी छावणीतल्या एका अधिकाऱ्याकडून घेतली होती. मग तीस वर्षं ती ताडपत्रीखाली उभी राहिली. मी चार वर्षं खपून तिला पुन्हा रस्त्यावर आणलं. इंजिन तेच, १२५० सीसीचं.

गेल्या मे महिन्यात बाबांना घेऊन रामटेकला निघालो आणि मनसरच्या अलीकडे गाडी बंद पडली. व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटला. तोंडाला बांधलेला दुपट्टा ओला करून इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या गाडीतल्या पंपावर गुंडाळला, अर्धा तास थांबलो, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. पंचाहत्तरीचे बाबा तेवढा वेळ डांबराच्या कडेला उभे होते. त्या दिवशी ठरवलं की गाडीत बदल करायचे. चारऐवजी पाच गिअरचा गिअरबॉक्स, बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि पेट्रोल पंप मागे टाकीजवळ. टीडीच्या मागच्या ॲक्सलचा रेशो ५.१२५ आहे, म्हणजे टॉप गिअरमध्ये चाक एकदा फिरायला इंजिन पाचदा फिरतं. शंभराच्या वेगाला इंजिन मिनिटाला चार हजारांच्या वर फिरतं, कान किटतात. बाबांचा मात्र ठाम नकार आहे. तुमचं मत काय?

रामदासपेठचे काका

माझं मत तुमच्या बाबांच्या बाजूने. १९५० ते ५३ या काळात या गाड्या तीस हजारांच्या आसपास बनल्या आणि बहुतेक अमेरिकेला गेल्या. आपल्याकडे राहिल्या त्या मोजक्या. तिचा गिअर बदलताना हाताला जे जाणवतं, इंजिनचा जो आवाज येतो, तीच ती गाडी. तुम्हाला शंभराने आरामात जायचं असेल तर त्यासाठी दुसरी गाडी आहे ना घरी.

कामठी रोडचा मिस्त्री

भाऊ, पाच गोष्टी एकाच टोपलीत टाकून राहिले तुम्ही. एकेक पाहा. इलेक्ट्रॉनिक इग्निशन डिस्ट्रिब्युटरच्या आतच बसते, बाहेरून दिसत नाही. जुने पॉइंट-कंडेन्सर डब्यात भरून सीटमागे ठेवा, वाटेत गरज पडली तर अर्ध्या तासात परत बसतात. पण तुमच्या गाडीला पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला, त्याच जातीचं युनिट मागवा. नाही तर पहिल्याच दिवशी जळते. अल्टरनेटर लावायचा तर मात्र बहुतेकदा अर्थिंगच उलटावी लागते, सगळी वायरिंग तपासावी लागते. दिवसाच फिरता तर डायनॅमो रिवाइंड करून घ्या, पुरते.

आणि डिस्क कायले? चारही चाकाले ९ इंची ड्रम आहेत. लेथवर ड्रम साफ करा, चांगले लायनर मारा, सिलिंडरच्या सील नव्या टाका. ब्रेक लागत नाही म्हणणारे दहा जण माह्याकडे आले, त्यातल्या नऊ जणांचे शू सेटच नव्हते केलेले.

त्रिमूर्तीनगरकर

काका, एमजी म्हणजे मुळात मॉरिस गॅरेजेस. सेसिल किंबर यांनी ऑक्सफर्डमध्ये मॉरिसच्या साध्या गाड्यांवर वेगळी बॉडी चढवली, त्यातून ही कंपनी उभी राहिली. जिचा जन्मच बदलातून झाला तिला हात लावायचा नाही? टीडीच्या काळात कंपनी स्वतः इंजिन ट्यून करण्याची पुस्तिका छापत होती. टीडीचीच जास्त ताकदीची आवृत्ती, मार्क टू, तिला मोठे कार्बोरेटर आणि दोन पेट्रोल पंप दिले. १९५३ ला पुढचं मॉडेल टीएफ आलं तेव्हा पंप गरम बोनेटखालून काढून मागे नेला. मी तेच करतोय.

रामदासपेठचे काका

पंपाचं मान्य. पण कंपनीने केलेला बदल त्या गाडीच्या इतिहासात नोंदला जातो. आपण केलेला कुठे नोंदला जातो?

माझ्या वडिलांची फियाट ११०० होती. एका गॅरेजवाल्याने १९९४ साली पटवलं की दुसऱ्या कंपनीचं इंजिन टाका, ॲव्हरेज वाढेल. त्याने माउंटिंग कापले, क्रॉस मेंबरला वेल्डिंग मारलं आणि जुनं इंजिन भंगारात किलोने दिलं. सहा महिन्यांनी नवं इंजिनही थरथरायला लागलं. परत जावं तर जुनं इंजिन नाही, माउंटिंग नाही. ती गाडी आज आमच्या आवारात उभी आहे, तिच्या छताखाली मांजरी वितात. वडील शेवटच्या आजारपणात मला दोनदा म्हणाले, ते इंजिन विकायला नको होतं. म्हणून मी चिडतो. मला गाडीत नवं काय आलं याचं दुःख नाही, जुनं कापलं गेलं याचं आहे.

धंतोलीची वकील

कायद्याची बाजूही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. त्यात २०२१ चे व्हिंटेज नियम आले. पन्नास वर्षांपुढची गाडी मूळ रूपात असेल, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल, तर व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. फी २० हजार, मुदत दहा वर्षं. पण तो नंबर घेतला की गाडी रोज चालवता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच. आरसीत काय लिहिलंय ते आधी वाचा, मग पाना उचला.

त्रिमूर्तीनगरकर

ताई, आभार. व्हीए नंबर मला नकोच, रविवारी सकाळी बाबांना फुटाळा तलावावर न्यायचंय. काका, तुमच्या फियाटचं वाचून गप्प झालो. आमचा जुना गिअरबॉक्स मी विकणार नाही, ग्रीस लावून पेटीत ठेवीन. पण गाडी तापते म्हणून उभीच राहिली तर पुन्हा तिची ताडपत्री होईल, ही भीती माझीही खरी आहे.

कामठी रोडचा मिस्त्री

गिअरबॉक्सच्या किटमध्ये इंजिनले जोडायचं बेलहाउसिंगचं अडॅप्टर येते, मागच्या चाकाले ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट मात्र वेगळा बनवा लागते. जुना शाफ्टही जपून ठेवजा. चेसिसले करवत लागत असेल तर माह्याकडे आणू नका, मी कापून देत नाही.

त्याआधी एक काम अर्जंट आहे. आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळून राहिलं. इथेनॉल जुनं रबर फुगवते, टाकीत पाणी ओढते. सगळे पेट्रोल पाइप, पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरच्या सील इथेनॉलले टिकणाऱ्या टाका. हे ओरिजिनल नाही म्हणून कोणी अडून बसला तर त्याची गाडी गरम सायलेन्सरवर पेट्रोल गाळत बसेल.

रामदासपेठचे काका

पाइप मीही बदललेत. पंप मागे न्या, इग्निशन करा. गिअरबॉक्सला माझा विरोध कायम आहे आणि डिस्कला तर आहेच. पण ड्रम उघडाल त्या दिवशी मला बोलवा, माझ्याकडे टीडीचे न वापरलेले दोन व्हील सिलिंडर पडलेत.